बावधनकरांनो, आपली सभा मागून घ्या!

बावधनच्या सर्व रहिवाशांना, जुन्या ग्रामस्थांना, सोसायट्यांना, भाडेकरूंना आणि इथे रोज कामाला येणाऱ्या सगळ्यांना जाहीर आवाहन

३० जून २०२१ रोजी राज्य सरकारने २३ गावं पुणे महापालिकेत घेतली. बावधन बुद्रुक त्यातलं एक. बावधन खुर्द आधीच शहरात गेलेलं होतं. ग्रामपंचायतीचं दप्तर पालिकेकडे गेलं आणि ग्रामसभाही संपली. तिच्यासाठी कोणी मोर्चा काढला नाही.

ग्रामसभा आदर्श होती असं कोणी म्हणणार नाही. भांडणं व्हायची, गणपूर्तीअभावी सभा तहकूब व्हायच्या. पण २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर या तारखा गावाला पाठ असायच्या. कोणीही उभं राहून सरपंचाला हिशेब विचारू शकायचं. प्रत्येक ग्रामसभेआधी महिलांची वेगळी सभा घेण्याची तरतूद होती. आज तोच प्रश्न विचारायचा तर तक्रार नोंदवून नंबर घ्यायचा आणि वाट पाहायची. त्यातच पालिका पुण्याची, पोलीस ठाणे पिंपरी-चिंचवड आयुक्तालयाचं आणि तालुका मुळशी. नव्याने राहायला आलेल्या माणसाला आपण नेमके कुठले, हेच कळत नाही.

सभेत प्रश्न विचारण्याचा आपला हक्क कायद्याने काढून घेतलेला नाही. ७४वी घटनादुरुस्ती १९९३ पासून लागू आहे. तिने मोठ्या शहरांत प्रभाग समित्या आणल्या. महाराष्ट्राने २००९ मध्ये महापालिका कायद्यात दुरुस्ती करून त्यांच्याही खाली, मतदान केंद्रांच्या पातळीवर, क्षेत्रसभेची तरतूद केली. त्या भागातला प्रत्येक मतदार तिचा सदस्य. सभेने कामं सुचवायची, कुठलं आधी हे ठरवायचं आणि झालेल्या कामाचा जाब विचारायचा. तुमच्यापैकी किती जणांना अशा सभेची नोटीस मिळाली आहे? बहुतेकांनी तिचं नावही ऐकलेलं नसेल.

सभा नसली की काय होतं, ते चांदणी चौकात जाऊन पाहा. जुना पूल ऑक्टोबर २०२२ मध्ये पाडला, नव्या उड्डाणपुलाचं उद्घाटन १२ ऑगस्ट २०२३ रोजी झालं. गाड्या सुटल्या, पण जीव मुठीत धरून महामार्ग ओलांडणाऱ्या पादचाऱ्यांच्या बातम्या त्यानंतरही येत राहिल्या. पायी जाणाऱ्यांत घरकामाच्या मावश्या असतात, सुरक्षारक्षक असतात, एसटीतून उतरून बॅगा ओढत निघालेले प्रवासी असतात. आराखडा कागदावर असतानाच यातल्या चार जणांना विचारलं असतं, तर पादचाऱ्यांचं काय, हा प्रश्न पहिल्याच दिवशी समोर आला असता.

सभा नसली की गाव तुटतंही. फुरसुंगी आणि उरुळी देवाची २०१७ मध्ये पुण्यात आली. करवाढ आणि अपुऱ्या सुविधांवरची नाराजी वाढत गेली, आणि शेवटी २०२४ मध्ये दोन्ही गावं बाहेर पडून त्यांची स्वतंत्र नगरपरिषद झाली. नुसत्या अधिसूचनेने माणसं शहराची होत नाहीत, हे त्यातून शासनालाही दिसलं असेल.

आताच का? मार्च २०२२ पासून जवळपास चार वर्षं पुण्यात नगरसेवकच नव्हते, कारभार प्रशासकाकडे होता. जानेवारी २०२६ च्या निवडणुकीने आता सभागृह आलं आहे. कारकिर्दीच्या पहिल्या वर्षात जो पायंडा पडतो, तोच पुढची चार वर्षं चालतो. म्हणून घाई करा.

रहिवाशांनी काय करायचं?

कोथरूड-बावधन क्षेत्रीय कार्यालयात लेखी अर्ज द्या: ‘आमच्या भागाची क्षेत्रसभा बोलवा.’ पोच घ्या. एका सोसायटीचा एकच अर्ज पुरे नाही. गावठाण, चाळ, दुकानदार, भाडेकरू, प्रत्येकाने आपापला द्या. मतदारयादीत नाव नसेल तर आधी ते नोंदवा, भाड्याने राहत असाल तरीही.

पालिका २००६ पासून नागरिकांकडून अंदाजपत्रकासाठी कामं मागवते. एका कामाला पाच लाखांपर्यंत. बाक, दिवे, पदपथाचा तुटलेला तुकडा, बसथांब्याचं छप्पर, एवढं त्यात बसतं. यंदा सोसायटीच्या कमिटीने अर्ज भरण्याआधी वॉचमनला आणि कामवाल्या मावशींना विचारा की त्यांना काय हवंय. अर्ज त्यांच्या नावानेही भरा.

नगरसेवकांना आणि अधिकाऱ्यांना विनंती

सभा सोसायटीच्या क्लबहाऊसमध्ये घेऊ नका. गेटवरच्या रजिस्टरमध्ये सही करून आत जावं लागतं, तिथे कचरावेचक ताई येणार नाहीत. पालिकेच्या शाळेत घ्या, जिथे व्हीलचेअरही आत जाईल. वेळ रविवारी दुपारची ठेवा. सकाळी घरकामाच्या बायकांना सवड नसते. नोटीस फक्त व्हॉट्सॲपवर नको, रिक्षा थांबा, किराणा दुकान आणि टँकर भरतो त्या जागीही लावा. मतदानाचा हक्क सदस्यांचा, पण बोलण्याची मुभा इथे राहणाऱ्या आणि राबणाऱ्या प्रत्येकाला द्या. कोणी हिंदीत बोललं तर ऐकून घ्या, इतिवृत्त मराठीत लिहा आणि पुढच्या सभेची सुरुवात त्याच्या वाचनाने करा. कुठलं काम झालं, कुठलं राहिलं आणि का राहिलं, हे त्यात असू द्या.

वादही होतील. जमीन गेलेल्या ग्रामस्थाला टॉवर खुपतो, टॉवरवाल्याला गावातल्या मिरवणुकीचा आवाज खुपतो आणि पाण्याच्या टँकरचं बिल दोघांनाही. रामनदीची घाण मात्र कोणा एकाची नाही. भुकूम-भूगावकडून येताना आणि बावधन ओलांडून पाषाणला जाताना तिच्यात आपल्या सगळ्यांचं सांडपाणी मिसळतं. हे भांडण चार भिंतींआडच्या ग्रुपवर सुटत नाही. समोरासमोर बसलं तर निदान समोरच्याचं नाव तरी कळतं.

या आठवड्यात अर्ज लिहा. शेजाऱ्याची, दुकानदाराची आणि ज्याच्याशी आजवर कधी बोलला नाहीत अशा एकाची सही घ्या. पोच मिळाल्यावर तारीख मागा, आणि तारीख मिळेपर्यंत दर सोमवारी कार्यालयात जाऊन विचारत राहा.