हरल्याने संघ मरत नाही, मालक उठून गेल्याने मरतो

जयंती जवळ आली की आमच्या वस्त्यांत नवे क्रीडा मंडळ निघते. जर्सीवर कोण्या भाऊंचा, कोण्या दादांचा फोटो असतो. दोन सामने हरले की भाऊंचा फोन लागत नाही, जर्सी पुन्हा येत नाही, पोरे पांगतात. मग तालुकाभर तोच शेरा ऐकू येतो : ‘आपली पोरं टिकत नाहीत.’ हा शेरा आम्हाला मान्य नाही. पोरांनी मैदान सोडण्याआधी पैसा मैदान सोडून गेलेला असतो. आणि तो का जातो, हे समजून घ्यायला फुटबॉलसारखा दुसरा धडा नाही.

संघ हरला की पैसा आटतो, हे खरेच आहे. तिकिटे खपत नाहीत, बक्षिसाची रक्कम बुडते, खालच्या श्रेणीत घसरण झाली की टीव्हीचा वाटा घटतो, जाहिरातदार पाठ फिरवतात. खर्च भागवायला चांगले खेळाडू विकावे लागतात आणि संघ आणखी हरतो. इंग्लंडचा लीड्स युनायटेड हे याचे गाजलेले उदाहरण. २००१ मध्ये हा क्लब चॅम्पियन्स लीगच्या उपांत्य फेरीत होता. पुढच्या यशाच्या भरवशावर कर्ज काढले, यश आले नाही. २००४ मध्ये तो प्रीमियर लीगमधून घसरला आणि २००७ मध्ये तिसऱ्या श्रेणीत जाऊन पडला. पण तिथेही घरच्या सामन्यांना सरासरी वीस हजारांवर लोक येत राहिले. पैसा पळाला, माणसे थांबली.

आता आपल्याकडे पाहा. पुणे एफसी २०१२-१३ च्या आय-लीगमध्ये दुसरा आला. २०१५ मध्ये त्याचा गाशा गुंडाळला गेला. एफसी पुणे सिटीने २०१७-१८ मध्ये इंडियन सुपर लीगची उपांत्य फेरी गाठली. २०१९ मध्ये आर्थिक अडचणीत तो संपला आणि त्याची लीगमधली जागा हैदराबादच्या नव्या संघाला मिळाली. मुंबईचा महिंद्रा युनायटेड तर २००५-०६ चा राष्ट्रीय लीग विजेता. २०१० मध्ये कंपनीने तो बंद केला. यातला कोणता संघ हरून मेला? मुंबई एफसी २०१७ मध्ये आय-लीगमधून घसरला आणि बंद पडला, तेवढ्यापुरते पराभवाकडे बोट दाखवता येईल. पण घसरलेला संघ पुन्हा चढू शकतो. त्याला चढूच न देण्याचा निर्णय मैदानात झाला नाही, तो मालकांच्या बैठकीत झाला. गॅलरीत घसा फोडून ओरडणाऱ्यांना त्या बैठकीत खुर्ची नव्हती.

इथेच आमचा मुद्दा आहे. जिथे समर्थक गिऱ्हाईक असतो, तिथे पराभवानंतर गर्दी ओसरते आणि धनी दुकान बंद करतो. जिथे समर्थक घरचा असतो, तिथे हरल्यावर तो दुसऱ्या दिवशी भांडायला येतो, पण येतो. कोल्हापुरात पाटाकडील, खंडोबा, दिलबहार या तालमींचे संघ दरवर्षी कोणाकडून तरी हरतातच. म्हणून पेठ आपला संघ मोडीत काढत नाही. त्या तालमींत आपल्या वस्त्यांना किती जागा मिळते, हा प्रश्न आम्ही विसरलेलो नाही. पण टिकण्याचे सूत्र तिथे डोळ्यांसमोर आहे. लंडनमध्ये २००२ साली विम्बल्डन क्लब दुसऱ्या शहरात नेण्याची परवानगी मालकांना मिळाली, तेव्हा समर्थकांनी स्वतःचा क्लब काढला. बऱ्याच खालच्या पायरीपासून सुरुवात करून २०११ मध्ये तो व्यावसायिक फुटबॉल लीगमध्ये पोहोचला.

आपल्याला तर यासाठी लंडनला जायची गरजही नाही. बाबासाहेब १९५२ ची लोकसभा निवडणूक मुंबईत हरले. १९५४ मध्ये भंडाऱ्याची पोटनिवडणूक हरले. लागोपाठ दोन पराभव! समर्थक घटले का? १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात लाखो माणसे पदरचे पैसे मोडून, भाकरी बांधून आली. ती जिंकणाऱ्याच्या मागे धावणारी गर्दी नव्हती. चळवळ त्यांची स्वतःची होती. आणि त्याच बाबासाहेबांनी १९४९ मध्ये संविधान सभेत विभूतिपूजेच्या धोक्याचा इशारा दिला होता. आज आपल्या कित्येक संघटना एकेका नेत्याच्या खासगी फ्रँचायझी झाल्या आहेत. नेता हरला की संघटना विकली जाते, नेता सत्तेच्या दारात गेला की कार्यकर्ता रस्त्यावर येतो.

कोणी म्हणेल, सभासदांची मालकी कन्नडने पाहिली आहे. हो, पाहिली आहे. कन्नड सहकारी साखर कारखान्याला सभासद होते, भागभांडवल होते. कारखाना कर्जात गेला, राज्य सहकारी बँकेने ताब्यात घेतला आणि २०१२ मध्ये लिलावात बारामती अ‍ॅग्रो या खासगी कंपनीकडे गेला. यातून सहकार फोल ठरत नाही. पेटीत शेअरचा कागद असणे म्हणजे मालकी नव्हे, एवढे मात्र ठरते. सर्वसाधारण सभेत उभे राहून हिशेब मागता येणे आणि तो मिळेपर्यंत न बसणे, ही मालकी.

मदत घेऊ नका, असे आम्ही म्हणत नाही. शाहू महाराजांनी अडीच हजार रुपये दिले आणि १९२० मध्ये ‘मूकनायक’ निघाले. पण एका दात्यावर पत्र सुरू होते, ते चालते वर्गणीदारांवर. म्हणून आमचे सांगणे साधे आहे. मंडळ काढा, पण आधी घटना लिहा. महिना दहा रुपये का होईना, प्रत्येक सभासदाकडून घ्या. त्यात मुली आणि आयाबाया पूर्ण हक्काच्या सभासद असू द्या. जमाखर्च दर महिन्याला विहारात वाचून दाखवा. देणगी आली तर पावती द्या; जर्सीवर फोटो छापू नका. हरलेल्या सामन्यानंतरची बैठक कधीही रद्द करू नका, कारण संघ आपला आहे की भाऊंचा, ते त्याच बैठकीत कळते.

पराभव प्रत्येक संघाच्या वाट्याला येतो. त्यानंतर चेंडू कोणाच्या घरी जातो, एवढेच पाहा. तो भाऊंच्या बंगल्यावर जात असेल, तर तुमचा संघ कधी नव्हताच.

जय भीम!