घाटातले धुके आणि 256 पायऱ्या

पावसाळा लागला की चांदणी चौकातून भूगाव-भुकूमकडे जाणाऱ्या रस्त्यावर सुट्टीच्या दिवशी भल्या पहाटे कॅमेऱ्यांच्या बॅगा दिसू लागतात. पिरंगुटचा घाट, पुढे पौड, मुळशीचे पाणी, जमलेच तर ताम्हिणी. लग्न मार्गशीर्षात असले तरी प्रीवेडिंग आषाढातच उरकलेले बरे, कारण हिरवे डोंगर आणि धुके फुकट मिळते. मात्र छायाचित्रकाराच्या फाइलची खरी परीक्षा पाहते ते हे धुकेच.

धुक्यात रंग जवळपास नसतो, असते ती करड्या छटांची लांबलचक, संथ उतरण. समजा, घाटातल्या एका फोटोत डावीकडून उजवीकडे धुक्याचा उजेड 205 वरून 225 वर जातो. आठ बिटच्या जेपेगमध्ये प्रत्येक चॅनलला मुळात पायऱ्याच 256. त्यातल्या जेमतेम वीस या धुक्याच्या वाट्याला आल्या. तोच फोटो 12 बाय 36 च्या आल्बम शीटवर पसरला की एकेक पायरी पावणेदोन इंच रुंद होते. एका पायरीचा फरक डोळ्याला सहसा कळत नाही. पण धुके ‘उठून दिसावे’ म्हणून कर्व्ह ओढली, कॉन्ट्रास्ट तिप्पट केला, की तोच फरक तीन पायऱ्यांचा होतो आणि आकाशात मुळशीच्या उतारावरच्या भातखाचरांसारखे टप्पे पडतात. धंद्यात याला बँडिंग म्हणतात. गिऱ्हाईक म्हणते, “आकाशात हे पट्टे कसले?”

14 बिट रॉमध्ये पायऱ्या 16,384. सरळ भागाकार केला तर जेपेगच्या एका पायरीच्या जागी 64. प्रत्यक्षात वाटणी इतकी समान नसते. सेन्सर उजेड सरळ रेषेत मोजतो, त्यामुळे सर्वांत उजळ स्टॉपलाच निम्म्या, म्हणजे 8,192 पायऱ्या मिळतात, त्याखालच्याला 4,096, आणि असे निम्मे निम्मे होत सातव्या स्टॉपला 128 उरतात. 12 बिटमध्ये त्याच जागी फक्त 32. नवरदेवाची काळी शेरवानी मंडपाच्या सावलीत असेल, तर ती याच खालच्या पायऱ्यांवर उभी असते. धुक्याला मात्र 12 बिटही पुष्कळ झाले.

आणखी एक गोष्ट उघड बोलायला हवी. रात्रीच्या रिसेप्शनला आयएसओ 6400 लावून 14 बिटचा हट्ट धरण्यात हशील नाही. तिथे खालचे बिट नुसता नॉइज मोजत बसतात. हळदीचा पिवळा ‘सपाट’ येतो, त्याचाही दोष बिटवर टाकू नये. गडद पिवळ्यात निळा चॅनल शून्याला टेकतो, ही एसआरजीबीच्या आवाक्याची अडचण आहे. मेगापिक्सेलवर लाखभर खर्च करणारी मंडळी हा फरक समजून घ्यायला दहा मिनिटे देत नाहीत, याचे नवल वाटते.

बिटची खरी गरज मधल्या टप्प्यात आहे, शटर दाबल्यापासून फाइल देईपर्यंत. रॉ उघडताना 16 बिट निवडावे आणि शेवटपर्यंत तिथेच राहावे. (फोटोशॉपचे 16 बिट म्हणजे 65,536 पायऱ्या नव्हेत, आत 32,769च असतात, पण त्याही कोणाला कमी पडलेल्या ऐकिवात नाहीत.) जेपेगवरच काढलेला फोटो नंतर 16 बिटमध्ये नेला तर हरवलेले परत येत नाही. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? पुढच्या फेरफारांत नवी तूट कमी होते, एवढाच फायदा.

व्हिडिओवाल्यांचे दुखणे याहून मोठे, कारण त्यांच्यातल्या बहुतेकांच्या हाती रॉ नसतेच. लॉग प्रोफाइल उजेडाचे दहा-बारा स्टॉप चेपून फाइलमध्ये बसवते आणि ग्रेडिंगमध्ये ते पुन्हा ताणावे लागतात. आठ बिटच्या 256 पायऱ्यांवर एवढी ओढाताण केली की घाटातले आकाश फाटणारच. 10 बिटमध्ये 1,024 मिळतात. कॅमेऱ्यात 10 बिटची सोय नसेल तर लॉगच्या नादी न लागता साध्या प्रोफाइलवर चित्रण करावे, असे या मासिकाचे मत आहे.

शेवटी हाती पडते ते आठ बिटच. लॅब जेपेग मागते, व्हॉट्सअॅप तर तेही पिळून काढते. मग वीस पायऱ्यांत धुके बसवायचे कसे? याचे उत्तर मुळशीच्या डोंगरांपलीकडे, लोणावळ्याजवळच्या मळवलीत, राजा रवि वर्मा यांच्या छापखान्याच्या काळातही ठाऊक होते. शिळाछापात प्रत्येक रंगाला वेगळा दगड, आणि एका दगडावरून एकच शाई. गालावरची छटा हळूहळू उतरवायची तर कारागीर दगडावर बारीक ठिपके टाकत, कुठे दाट, कुठे विरळ. 16 वरून आठ बिटवर उतरताना सॉफ्टवेअर डिदर करते ते हेच. धुक्याच्या भागावर एक-दोन टक्के ग्रेन टाकले तरी पायऱ्यांच्या कडा विरघळतात.

पट्टे तपासायचे ते 100 टक्के झूमवर. लहान प्रिव्ह्यूत कधी कधी फाइलमध्ये नसलेलेही दिसतात. आणि लॅबला फाइल पाठवताना ‘ऑटो करेक्शन बंद’ एवढे ऑर्डरवर ठळक लिहावे, नाहीतर तिथल्या मशीनवर कॉन्ट्रास्ट पुन्हा चढतो आणि झाकलेली भातखाचरे आल्बमच्या पहिल्याच पानावर उगवतात.