तंबोरा ऐकवा, मग किंमत सांगा

इलेक्ट्रोस्टॅटिक हेडफोनची तारीफ करणारे हमखास सांगतात, "यापूर्वी न ऐकलेले बारकावे ऐकू आले." गायकाचा श्वास, खुर्चीची करकर, कुणीतरी उलटलेलं पान. मला हे कौतुक अपुरं वाटतं. खुर्ची ऐकायला कोण बसतो?

साध्या हेडफोनात तारेचं वेटोळं आणि चुंबक मिळून पडदा हलवतात. इथे केसापेक्षा कितीतरी पातळ असा विद्युतभारित पडदा धातूच्या दोन सच्छिद्र पत्र्यांमध्ये ताणलेला असतो. एक पत्रा ओढतो तेव्हा दुसरा ढकलतो. पडद्याला वजन जवळजवळ नाहीच, त्यामुळे सूर उठला की तो उठतो, थांबला की थांबतो. जपानच्या स्टॅक्सने १९६० साली असा हेडफोन बाजारात आणला. त्यांच्या आजच्या संचांत पडद्यावर ५८० व्होल्टचा दाब असतो, म्हणून खास ॲम्प्लिफायरही घ्यावा लागतो. किमतीबद्दल कारकुनाने न बोललेलंच बरं. शिवाय आपल्याकडची पावसाळी दमट हवा या उच्च दाबाच्या यंत्राला मानवत नाही, हा वेगळाच ताप.

मडगावच्या एका स्नेह्याकडे असा संच आहे. त्यावर मी आधी नुसता तंबोरा ऐकला. जवारी नीट लागलेली असली की एकेका तारेतून वरचे सूर उमलत जातात. माझ्या साध्या हेडफोनात त्या सगळ्यांची मिळून एक गुणगुण होते. इथे प्रत्येक तारेचा गुंजारव कसा उघडतो आणि कसा विरतो, ते वेगवेगळं कळलं. माझ्या मते खरी कसोटी हीच. डग्ग्याची घुमक स्वच्छ होती, पण बैठकीत छातीला जाणवते तशी नव्हे. ती कुठल्याच हेडफोनात मिळायची नाही.

तुलना करताना मात्र दोन्हींचा आवाज सारख्याच पातळीवर हवा. जरा मोठ्याने वाजणारा नेहमीच सरस वाटतो, आणि हे विक्रेत्यांना आपल्यापेक्षा चांगलं ठाऊक असतं.

मग केरीच्या केसरबाई लावल्या. त्यांची भैरवी १९७७ साली व्हॉयेजर यानांतून अंतराळात गेली, इथे मात्र त्यांच्या जुन्या ७८ आरपीएम तबकड्यांची आबाळच. एकाच तबकडीच्या दोन प्रती होत्या, एक खरखर गाळलेली, दुसरी जशीच्या तशी. साध्या हेडफोनवर गाळलेली गोड वाटायची. इथे उलट झालं. खरखरीबरोबर स्वराची धार आणि मागचा तंबोराही गाळला गेलाय, हे उघड झालं. न गाळलेल्या प्रतीत खरखर एका बाजूला राहिली आणि बाई तिच्यातून स्पष्ट गात होत्या.

एवढ्या महाग यंत्राची मला पटलेली उपयुक्तता ही. विकत कुणी घ्यावं असं मी म्हणणार नाही. पण तुमच्या घरी जुन्या तबकड्या असतील आणि कुणी त्या संगणकावर उतरवून देत असेल, तर खरखरीसकट प्रत आधी मागून घ्या. साफसफाई पुढे केव्हाही करता येते.