अंड्याच्या जागी काय होतं, ते आधी सांगा

डॉक्टरांनी रक्तातलं कोलेस्टेरॉल वाढल्याचं सांगितलं की आपल्या घरांत सर्वांत आधी अंडी बंद होतात. चहाबरोबरची खारी चालू राहते, रविवारची पुरीभाजी चालू राहते, संध्याकाळच्या वडापावकडे कुणी संशयानं पाहत नाही. ज्यांना अंडं सोडवत नाही ते पिवळा बलक काढून टाकतात आणि पांढरा भाग खाऊन समाधान मानतात. अंड्याबद्दलची ही भीती इतकी मुरली आहे की ती कुठून आली, हे विचारावंसंही कुणाला वाटत नाही. ते विचारायला हवं, कारण मधुमेह आणि हृदयविकार घराघरांत पोचले असताना आपण पहारा भलत्याच दारावर ठेवला आहे. एकटं अंडं समोर ठेवून ते चांगलं की वाईट असं विचारलं तर उत्तर मिळत नाही. सकाळच्या बशीत ते कशाच्या जागी आलं आणि सोबत काय घेऊन आलं, यावर ते उत्तर ठरतं.

या भीतीचं मूळ रशियात आहे. १९१३ साली सेंट पीटर्सबर्गमध्ये निकोलाय अनिच्कोव्ह यांनी सशांना सूर्यफुलाच्या तेलात विरघळवलेलं शुद्ध कोलेस्टेरॉल खाऊ घातलं आणि त्यांच्या रोहिण्यांच्या भिंतींवर चरबीचे थर साचल्याचं दाखवलं. शोध मोठा होता. रक्तातलं कोलेस्टेरॉल आणि रोहिण्यांचा आजार यांचं नातं त्यातून पुढे आलं आणि ते आजही पक्कं आहे. पण ससा पाल्यावर जगणारा प्राणी. त्याच्या नेहमीच्या खाण्यात कोलेस्टेरॉल नसतंच, म्हणून बाहेरून आलेल्या कोलेस्टेरॉलचा निचरा करण्याची त्याची ताकद तोकडी असते. माणसाचं तसं नाही. आपल्याला लागणारं बहुतेक कोलेस्टेरॉल आपलं शरीर स्वतःच तयार करतं, आणि जेवणातून जास्त आलं तर बहुतेकांच्या शरीरात ही निर्मिती कमी होते. १९९१ साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये ८८ वर्षांच्या एका गृहस्थांची नोंद प्रसिद्ध झाली होती. ते रोज पंचवीस अंडी खात आणि त्यांच्या रक्तातलं कोलेस्टेरॉल मर्यादेत होतं. एका माणसावरून नियम करायचा नसतो, पण शरीर किती जुळवून घेऊ शकतं हे त्या नोंदीनं दाखवलं. त्याआधीच, १९६८ साली, अमेरिकन हार्ट असोसिएशननं सांगून टाकलं होतं की दिवसाला तीनशे मिलिग्रॅमपेक्षा कमी कोलेस्टेरॉल घ्यावं आणि आठवड्याला तीनपेक्षा जास्त बलक खाऊ नयेत. एका अंड्यात साधारण १८५ ते २०० मिलिग्रॅम कोलेस्टेरॉल असतं, म्हणजे त्या मर्यादेत रोज दोन अंडी बसणं शक्यच नव्हतं. १९८४च्या मार्चमध्ये ‘टाइम’ साप्ताहिकाच्या मुखपृष्ठावर बशीतली दोन अंडी डोळ्यांच्या जागी आणि बेकनची पट्टी पडलेल्या तोंडाच्या जागी ठेवून उदास चेहरा काढला गेला. रक्तातलं घातक कोलेस्टेरॉल, म्हणजे एलडीएल, जेवणातल्या कोलेस्टेरॉलपेक्षा संतृप्त चरबीनं जास्त वाढतं, याचे पुरावे तोवर जमा झाले होते. अखेर २०१५च्या आहार मार्गदर्शिकेतून अमेरिकी सरकारनं तो तीनशेचा आकडा काढून टाकला. कोलेस्टेरॉल कमीच खावं, हा सल्ला मात्र तिथेही कायम राहिला. आपल्याकडे पहिली बातमी घरोघर पोचली, दुसरी पोचलीच नाही.

मोठ्या लोकसंख्येवर झालेले अभ्यास पाहिले तर वाचणारा गोंधळतो, आणि त्या गोंधळातच खरी माहिती दडलेली आहे. १९९९ साली अमेरिकेतल्या परिचारिका आणि इतर आरोग्य व्यावसायिक, अशा एक लाखाहून अधिक लोकांच्या पाहणीत दिवसाला एका अंड्यापर्यंत हृदयविकाराचा धोका वाढलेला आढळला नाही. २०१८ साली चीनमधल्या चार लाखांहून अधिक प्रौढांच्या अभ्यासात रोज अंडं खाणाऱ्यांमध्ये हृदयविकार आणि मेंदूतल्या रक्तस्रावाचं प्रमाण न खाणाऱ्यांपेक्षा कमी दिसलं. लगेच पुढच्या वर्षी ‘जामा’ या वैद्यकीय नियतकालिकात सहा अमेरिकी अभ्यासांतल्या सुमारे तीस हजार लोकांची माहिती एकत्र मांडली गेली. तिथे रोजच्या प्रत्येक जादा अर्ध्या अंड्यामागे हृदयरोगाचा धोका सहा टक्क्यांनी वाढलेला निघाला. २०२०मध्ये पन्नास देशांतल्या पावणेदोन लाखांहून अधिक लोकांच्या पाहणीत फायदा किंवा तोटा काहीच ठळकपणे दिसला नाही. त्याच वर्षीच्या ‘बीएमजे’ या वैद्यकीय नियतकालिकातल्या आढाव्यात एका अंड्यापर्यंत सर्वसाधारणपणे धोका नाही आणि आशियाई लोकांमध्ये तो किंचित कमीच, असं आढळलं. अंडं तेच, त्यातला बलक तोच, मग निष्कर्ष इतके वेगळे का? अमेरिकेत अंडं एकटं येत नाही. त्याच्याबरोबर बेकन, सॉसेज, लोणी फासलेला पांढरा टोस्ट आणि तळलेला बटाटा येतो. चीनमध्ये ते भाज्यांबरोबर परतलेलं असतं, सूपमध्ये असतं किंवा नुसतं उकडलेलं असतं, आणि तिथल्या पिढ्यांसाठी अंडं मिळणं हे थोडी ऐपत आल्याचंही लक्षण होतं. या अभ्यासांची आकडेमोड सोबतचे पदार्थ वजा करण्याचा प्रयत्न करते, पण माणसाची सगळी राहणी वजा करता येत नाही. म्हणून अशा एखाद्या अभ्यासाचा मथळा वाचून रोजचं अंडं सोडणं जितकं घाईचं, तितकंच दुसरा मथळा वाचून चार अंडी फोडणंही घाईचं.

आता आपली बशी पाहू. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या ‘इंडियाब’ अभ्यासानं २०२३ साली देशात १०.१ कोटी लोकांना मधुमेह असल्याचा अंदाज दिला. त्याच अभ्यासातून २०२५मध्ये आहाराचं जे चित्र पुढे आलं ते जास्त बोलकं आहे. आपल्या रोजच्या ऊर्जेतला सरासरी ६२ टक्के वाटा पिष्टमय पदार्थांचा, त्यातही बराचसा पांढरा तांदूळ, दळून बारीक केलेली धान्यं आणि साखरेचा. प्रथिनांचा वाटा फक्त १२ टक्के. मराठी नाश्ता या चित्रात चपखल बसतो. बशीभर कांदेपोह्यांना साधारण पन्नास ग्रॅम कोरडे पोहे लागतात आणि त्यांतून तीन-चार ग्रॅम प्रथिनं मिळतात. शेंगदाणे नावापुरते घातले असतील तर त्यात फारशी भर पडत नाही. उपमा आणि शिरा दोन्ही रव्याचे. साबुदाण्यात तर प्रथिनं जवळजवळ नसतातच, खिचडीला जे काही बळ येतं ते दाण्याच्या कुटाचं. आणि शहरात लाखो लोकांचा नाश्ता म्हणजे चहा-बिस्किट, चहा-खारी किंवा चहा-बटर. मैदा, साखर आणि वनस्पती तूप किंवा पामतेल, एवढंच त्यात असतं. साठ किलो वजनाच्या प्रौढ माणसाला रोज साधारण पन्नास ग्रॅम प्रथिनं हवीत. तीन वेळच्या खाण्यात ती वाटली तर सकाळच्या वाट्याला सोळा-सतरा ग्रॅम येतात. दोन अंड्यांतून बारा ग्रॅम मिळतात, तेही दीडशेहून कमी उष्मांकांत. शिवाय शाकाहारी जेवणात ज्याची हमखास तूट असते ते ब-१२ जीवनसत्त्व, थोडं ड जीवनसत्त्व आणि मेंदूला व यकृताला लागणारं कोलिन मिळतं. यातलं बरंचसं त्या पिवळ्या बलकातच असतं, जो आपण घाबरून काढून टाकतो. एका अंड्यात संतृप्त चरबी जेमतेम दीड ग्रॅम असते. दोन खाऱ्यांमध्ये ती याहून जास्त निघू शकते. बिस्किटांच्या जागी अंडं आलं तर तब्येतीचा फायदाच आहे, याबद्दल मला शंका वाटत नाही. ‘इंडियाब’च्या ताज्या विश्लेषणाचा कलही तिकडेच आहे. रोजच्या ऊर्जेतला पाच टक्के वाटा पिष्टमय पदार्थांऐवजी डाळी, दूध, अंडी किंवा मासे यांच्या प्रथिनांनी भरून काढला तर मधुमेहाची शक्यता घटते, असं त्यात दिसलं.

यावर पहिला आक्षेप रास्त आहे: ज्या घरात अंडं शिजत नाही त्यांनी काय करायचं? त्यांना अंड्याची गरज नाही. मोड आलेल्या मटकीची किंवा मुगाची उसळ, हिरव्या मुगाचं धिरडं, भाजणीचं थालीपीठ आणि बरोबर वाटीभर दही, हे सगळं अंड्याच्या बरोबरीनं उभं राहू शकतं. शंभर ग्रॅम कोरड्या डाळीत बावीस ते चोवीस ग्रॅम प्रथिनं असतात. फक्त डाळ नाश्त्यात आली पाहिजे. भाजणीत ज्वारी-बाजरीबरोबर हरभऱ्याची आणि उडदाची डाळ पडते, म्हणजे आपल्या आज्यांच्या स्वयंपाकघरात हा समतोल होताच. बाजारातून आणलेल्या पाकिटांनी तो सकाळच्या वेळेतून उठवला. ब-१२ तेवढं डाळीतून मिळत नाही, त्यासाठी दूध-दही नियमित हवं आणि कमतरता आढळली तर डॉक्टरांच्या सल्ल्यानं गोळी हवी. पोहे सोडायचीही गरज नाही. त्यांत मूठभर दाणे, मोड आलेले मूग आणि मटार पडले तर तेच पोहे वेगळे होतात.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे आणि तो टाळून पुढे जाणं बेजबाबदारपणाचं ठरेल. १९९९च्या ज्या अभ्यासानं अंड्याला सोडवलं, त्यातच मधुमेह असलेल्यांमध्ये रोज अंडं खाण्याशी वाढीव धोका जोडलेला दिसला होता. काही माणसांचं शरीर जेवणातल्या कोलेस्टेरॉलला इतरांपेक्षा जास्त प्रतिसाद देतं, आणि काही घराण्यांत एलडीएल जन्मापासूनच फार वाढलेलं असतं. अशांनी अंड्यांचा आकडा स्वतःच्या डॉक्टरांशी बोलून, रक्ततपासणी पाहून ठरवावा. स्तंभ वाचून ठरवू नये. बाकीच्या निरोगी प्रौढांसाठी दिवसाला एक अंडं, कधी दोन, ही मर्यादा सध्याच्या पुराव्याला धरून आहे. अंडं कसं येतं, हे त्याहून महत्त्वाचं. तव्यावर अमूल लोण्याचा जाड तुकडा टाकून त्यात परतलेली बुर्जी आणि तसेच लोण्यात शेकलेले दोन पाव ही न्याहारी अंड्याच्या नावावर खपते, पण त्यातली संतृप्त चरबी लोण्याची असते आणि मैदा पावाचा. उकडलेलं अंडं, किंवा चमचाभर तेलात कांदा-टोमॅटो-कोथिंबीर घालून केलेलं ऑम्लेट आणि शेजारी ज्वारीची भाकरी, हा वेगळाच नाश्ता आहे. कच्चं किंवा अर्धवट शिजलेलं अंडं गरोदर बाईला, लहान मुलाला आणि अशक्त वृद्धाला देऊ नये, साल्मोनेलाचा धोका खरा आहे.

तिसरा आक्षेप घेणारे म्हणतात, हे सगळं अंडी विकणाऱ्यांनी पसरवलेलं आहे. अंड्यांचा व्यवसाय संघटित आहे, यात वाद नाही. १९८२ साली डॉ. बी. व्ही. राव यांच्या पुढाकारानं नॅशनल एग कोऑर्डिनेशन कमिटी उभी राहिली, आणि तिची संडे-मंडेची जाहिरात दूरदर्शन पाहिलेल्या प्रत्येक पिढीला पाठ आहे. परदेशातही अंड्यांवरच्या काही संशोधनाला उत्पादकांचा पैसा मिळतो. २०२५ साली ऑस्ट्रेलियात एकसष्ट प्रौढांवर झालेल्या प्रयोगात कोलेस्टेरॉल तेवढंच ठेवून संतृप्त चरबी निम्म्यावर आणली, तेव्हा रोज दोन अंडी खाऊनही एलडीएल उतरलं. त्या प्रयोगाचा पैसा अंडी उद्योगाशी जोडलेल्या संस्थेचा होता, आणि तो मी त्याच सावधपणानं वाचतो. पण चीनमधली पाहणी अशा पैशावर उभी नव्हती, आणि कोलेस्टेरॉलचा आकडा काढण्याचा अमेरिकी निर्णय अनेक दशकांच्या एकत्रित पुराव्यावर झाला. संशयाला जागा द्यायचीच असेल तर ती सारखी द्यावी. डब्यावर ‘हृदयासाठी उत्तम’ छापून विकल्या जाणाऱ्या गोड कॉर्नफ्लेक्सच्या आणि ‘पाचक’ बिस्किटांच्या दाव्यांकडे मग आपण कधी पाहणार?

सकाळी खाल्लंच पाहिजे का, हा वेगळा प्रश्न. २०१९ साली ‘बीएमजे’मध्ये तेरा प्रयोगांचा आढावा आला, त्यात नाश्ता केल्यानं वजन घटतं असं काही सिद्ध झालं नाही. ज्या प्रौढाला सकाळी भूक नसते त्यानं बळेच खाऊ नये. वाढत्या वयाची मुलं, गरोदर स्त्रिया आणि मधुमेहाची औषधं घेणारे यांना मात्र ही मोकळीक नाही.

आणि मुलांच्या बाबतीत हा सगळा हिशेब घरापुरता राहत नाही. तमिळनाडूत शाळेच्या जेवणात अंडं १९८९पासून आहे आणि आता ते आठवड्याचे पाचही दिवस मिळतं. महाराष्ट्रानं नोव्हेंबर २०२३मध्ये पहिली ते आठवीच्या मुलांना आठवड्यातून एकदा अंडं देण्याचा निर्णय घेतला. जे अंडं खात नाहीत त्यांना केळं किंवा स्थानिक फळ मिळणार होतं. जानेवारी २०२५मध्ये अंड्यासाठीचा राज्याचा निधी थांबला आणि शाळांनी ते लोकसहभागातून द्यावं असं ठरलं, म्हणजे ज्या गावात दाते नाहीत त्या गावात ते बंद झालं. एका अंड्यानं कुपोषण हटत नाही, हे मान्य. पण इक्वेडोरमध्ये सहा ते नऊ महिन्यांच्या बाळांना सहा महिने रोज एक अंडं दिल्यावर वाढ खुंटण्याचं प्रमाण जवळजवळ निम्मं झालं होतं. तसाच प्रयोग मलावीत झाला तेव्हा उंचीवर परिणाम दिसला नाही, कारण तिथल्या मुलांच्या जेवणात मासे आधीपासून होते, असं संशोधकांना वाटलं. म्हणजे पुन्हा तेच: आधी बशीत काय होतं? नंदुरबार-गडचिरोलीच्या शाळेतल्या मुलाच्या ताटात मुख्यतः भात आणि पातळ वरण असतं. त्या ताटातलं सहा ग्रॅम प्रथिनांचं अंडं काढून घेतलं तर जागा भरायला एक ग्रॅमचं केळं पुरत नाही. ज्यांना अंडं नको आहे त्या मुलांना तेवढीच प्रथिनं देणारी उसळ, शेंगदाण्याची चिक्की आणि दूध मिळावं, आणि ज्यांना हवं आहे त्यांचं अंडं पुन्हा राज्याच्या तिजोरीतून सुरू व्हावं, ते आठवड्यातून एकदा नव्हे, निदान तीनदा.