बांधीतले खत आणि परक्याचे बंदर

आरमोरी तालुक्यात मृग बरसला की धानाचे पऱ्हे टाकले जातात आणि तीन-चार आठवड्यांत रोवणीची लगबग सुरू होते. त्या वेळी डीएपीचे पोते हाती पडेल की नाही, याचा निर्णय कृषी केंद्राचा मालक करीत नाही, जिल्हा कृषी अधिकारीही करीत नाही. तो बहुधा समुद्रापलीकडे आधीच झालेला असतो.

जागतिक रसायन उद्योगाचा तराजू गेल्या दोन दशकांत चीनकडे झुकला आहे. जगातील रसायनांच्या विक्रीत चाळीस टक्क्यांहून अधिक वाटा आज एकट्या चीनचा आहे. २०२२ च्या युक्रेन युद्धाने रशियाचा स्वस्त वायू आटला आणि युरोपातील कारखानदारी धापा टाकू लागली. जर्मनीच्या बीएएसएफने लुडविग्सहाफेन येथील एक अमोनिया संयंत्र बंद करण्याचे २०२३ मध्ये जाहीर केले. त्याच काळात ही कंपनी चीनमध्ये झानजियांग येथे सुमारे १० अब्ज युरोंचा प्रकल्प उभारीत होती. भांडवलाला मायभूमी नसते, हेच खरे!

चीनचे मात्र तसे नाही. आपल्या शेतकऱ्याला खत कमी पडू नये म्हणून त्याने ऑक्टोबर २०२१ मध्ये निर्यातीआधी तपासणीची अट घातली. मुक्त व्यापाराची पोथी तेव्हा कोणाच्याच कामी आली नाही. २०२३-२४ मध्ये चीनमधून भारतात २२ लाख टनांहून अधिक डीएपी आले होते. पुढच्या वर्षी ते साडेआठ लाख टनांच्या आसपास घसरले. २०२५ मध्ये भारतीय कंपन्यांनी सौदी अरेबियाच्या मादेनशी वर्षाला ३१ लाख टनांचा पाच वर्षांचा करार केला. शहाणपणाचे पाऊल, पण दुकानदार बदलला म्हणजे उधारी संपली असे होत नाही.

गोदावरीपलीकडे रामगुंडमला १९९९ मध्ये बंद पडलेला सरकारी खत कारखाना नव्याने उभा राहिला आणि २०२१ पासून युरिया देऊ लागला. वर्षाला १२.७ लाख टनांची क्षमता ही अभिमानाचीच गोष्ट. मात्र देशातील युरिया कारखान्यांना लागणाऱ्या वायूचा मोठा भाग जहाजाने येतो. पालाश तर जवळजवळ सारेच बाहेरचे. पोत्यावर ‘भारत’ हे नाव छापले आहे, आतला कच्चा माल अजून भारताचा व्हायचा आहे.

आपल्या धोरणाचा दोषही झाकून चालणार नाही. युरियाचे ४५ किलोचे पोते २६६ रुपये ५० पैशांना आणि डीएपीचे ५० किलोचे १३५० रुपयांना, असा भाव असेल तर शेतकरी कशाकडे वळेल? नत्र बेसुमार पडते, धान लोळते, तुडतुड्यांचे फावते. मग कीटकनाशकाची बाटली येते आणि रसायनाच्या नव्या खर्चाला तोंड फुटते. सरकार आपल्याच विचाराचे आहे म्हणून हा प्रश्न विचारायचा नाही, अशी शिकवण भारतीय किसान संघ उभारणाऱ्या दत्तोपंत ठेंगडींनी दिलेली नाही.

आचार्य प्रफुल्लचंद्र राय यांनी १९०१ मध्ये बेंगॉल केमिकल्सची मर्यादित कंपनी उभी केली, तेव्हा हाती ना भांडवल होते ना राज्यसत्ता. आज दोन्ही आहेत. कोळशापासून वायू आणि पाण्यापासून हायड्रोजन काढून अमोनिया करण्याचे प्रकल्प कागदावरून जमिनीवर किती वेगाने उतरतात, हे पाहावे लागेल. तोवर शेणखत, धैंचा आणि माती परीक्षण हे आरमोरीच्या शेतकऱ्याच्या हातातले उपाय आहेत. त्यासाठी माती परीक्षणाचा अहवाल रोवणी आटोपल्यावर नव्हे, पऱ्हे टाकण्याआधी त्याच्या घरी पोहोचला पाहिजे.