घड्याळातील फरक काय सांगतो

बाळकुममधील एका व्यापारी कुटुंबातील ही हकीकत. महिन्याची २० तारीख होती, म्हणजे जीएसटीचे ३बी विवरणपत्र दाखल करण्याचा शेवटचा दिवस. भिवंडीच्या गोदामातून सासरे परतले होते, चोविहारापूर्वी सर्वांची जेवणे आटोपली होती आणि सूनबाई घरच्या संगणकासमोर बसल्या होत्या. संकेतस्थळ मात्र काही केल्या उघडेना. जोडणी सुरक्षित नाही, एवढाच इशारा पडद्यावर पुनःपुन्हा येत होता. इंटरनेट बंद करून पुन्हा सुरू केले, दुसरा ब्राउझर लावून पाहिला. अखेर त्यांची नजर पडद्याच्या खालच्या कोपऱ्याकडे गेली.

"पप्पाजी, इथे २०१९ साल दिसतंय."

"आज लावायचं राहिलं वाटतं, बेटा. रोज सकाळी मीच लावतो."

दोष महिनाभराचा होता. रोज सकाळी हाताने तारीख दुरुस्त करून त्यावर पांघरूण घातले जात होते, इतकेच.

प्रत्येक सुरक्षित संकेतस्थळाजवळ एक प्रमाणपत्र असते आणि ते कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत ग्राह्य आहे, याची त्यात नोंद असते. ब्राउझर ही नोंद संगणकाच्या घड्याळाशी ताडून पाहतो. घड्याळात २०१९ साल असेल, तर आजचे प्रमाणपत्र त्याच्या लेखी अजून निघालेलेच नसते. पुढील तारखेचा धनादेश आधीच खिडकीवर आला, तर रोखपाल तो परत करतो. ब्राउझर तेच करतो.

जुने मुनीम तेरीज जुळेना तेव्हा प्रथम फरकाची रक्कम पाहत. फरकाला ९ ने निःशेष भाग गेला, तर दोन आकड्यांची अदलाबदल झाली असावी. फरकाच्या निम्म्या रकमेची नोंद सापडली, तर ती जमेऐवजी नावे पडली असावी. घड्याळाचेही तसेच आहे. ते दुरुस्त करण्यापूर्वी किती चुकले आहे हे लिहून ठेवावे. निम्मे निदान त्यातच होते.

फरक नेमका अर्ध्या तासाचा असेल, तर दोष कालविभागाचा समजावा. भारतीय प्रमाणवेळ जागतिक वेळेच्या ५ तास ३० मिनिटे पुढे आहे. यादीत चुकून कराची निवडले गेले, तर घड्याळ अर्धा तास मागे पडते. ढाका निवडले, तर अर्धा तास पुढे जाते. ज्या ओळीत चेन्नई, कोलकाता, मुंबई व नवी दिल्ली ही नावे एकत्र आहेत, ती निवडावी. (या ओळीत मुंबईचे नाव सुखाने नांदावे, याला बराच काळ लागला. भारतीय प्रमाणवेळ १ जानेवारी १९०६ पासून लागू झाली, तरी ३९ मिनिटे मागे चालणारी 'मुंबई वेळ' शहरात १९५५ पर्यंत टिकून होती. ठाण्याहून मुंबईस जाणाऱ्या व्यापाऱ्याला ही दोन्ही गणिते ध्यानात ठेवावी लागत असणार.)

फरक काही मिनिटांचा असून हळूहळू वाढत असेल, तर स्वयंचलित जुळणी बंद पडली आहे असे समजावे. संगणकातील स्फटिकाचे घड्याळ थोडेफार सरकतेच. इंटरनेटवरील प्रमाण घड्याळाशी अधूनमधून मेळ घालून ते ताळ्यावर ठेवले जाते. विंडोजच्या सेटिंग्जमधील तारीख व वेळेच्या पानावर 'सेट टाइम ऑटोमॅटिकली' ही कळ चालू आहे का ते पाहावे आणि 'सिंक नाउ' दाबावे. तरीही जुळणी न झाल्यास 'विंडोज टाइम' ही सेवा चालू आहे ना, हे तपासावे. संरक्षक प्रणालीने १२३ क्रमांकाचे द्वार अडवले असेल, तर ते मोकळे करावे लागते. नवी दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेकडे भारतीय प्रमाणवेळ राखण्याची जबाबदारी आहे आणि तिचा वेळ-सर्व्हरही सर्वांना खुला आहे.

फरक वर्षांचा असेल, तर मात्र बाळकुमच्या घरातलाच दोष. संगणक बंद असताना त्याचे घड्याळ मदरबोर्डवरील सीआर२०३२ या ३ व्होल्टच्या सेलवर चालते. २० मिलिमीटर व्यासाचा हा सेल संपला, की वीज तुटताच घड्याळ जुन्या तारखेवर जाते. भिंतीवरचे बटण चालू असेल, तर बंद संगणकालाही थोडी वीज मिळत राहते आणि सेल फारसा खर्च होत नाही. या घरात ते बटण रोज रात्री न चुकता बंद केले जाई. काटकसरीची सवय चांगलीच, पण तिचा भार सेलवर पडत होता.

मग इंटरनेटची जुळणी मदतीस का आली नाही? फार मोठा फरक विंडोज आपणहून मान्य करीत नाही. घरगुती संगणकासाठी ही मर्यादा मुळात १५ तासांची ठेवलेली आहे. त्याहून मोठी दुरुस्ती कोणी लबाडीने सुचवली असेल, अशी शंका ते घेते. म्हणून आधी तारीख व वेळ हाताने लावावी, मगच 'सिंक नाउ' दाबावे. त्या संध्याकाळी सूनबाईंनी हेच केले आणि विवरणपत्र वेळेत दाखल झाले.

सेल दुसऱ्या दिवशी बदलला. संगणकाची वीजजोडणी पूर्ण काढून, अधिकची खूण असलेली बाजू वर ठेवून तो बसवायचा असतो. लॅपटॉपचे काम मात्र जाणकाराकडेच सोपवावे.

एक काम तरीही उरले होते. काही हिशेबप्रणाली नोंदीची तारीख संगणकाच्या घड्याळावरूनच घेतात. कंपन्यांना तर १ एप्रिल २०२३ पासून हिशेबातील प्रत्येक बदल व त्याची तारीख आपोआप नोंदवणारी प्रणाली वापरणे बंधनकारक आहे. घड्याळ चुकलेले असेल, तर सरळ मनाने केलेली नोंदही मागाहून घुसवल्यासारखी दिसते आणि लेखापरीक्षकासमोर तिचा खुलासा करणे अवघड जाते. म्हणून सासरे-सुनेने महिनाभराच्या नोंदी मूळ बिलांशी ताडून पाहिल्या. जिथे तारीख चुकली होती, तिथे कारण लिहून दुरुस्ती केली आणि तो कागद त्या महिन्याच्या बिलांच्या फाईलला लावला. नवा सेल कोणत्या दिवशी बसवला, याची चिठ्ठी आता संगणकाच्या पेटीवर डकवलेली आहे.