ऑफर लेटर की एम.एस्सी.?

बॉस, एक प्रश्न. पुण्यातल्या विद्यापीठ चौकात क्लच-ब्रेक, क्लच-ब्रेक करत तुम्ही आयुष्यातले किती तास घालवलेत? आता दुसरा. त्या कंपाउंडच्या आत काय चालतं, माहितीये? झाडी, जुनी मुख्य इमारत आणि मॉर्निंग वॉक, इथेच आपली यादी संपते.

यादी वाढवायची वेळ माझ्यावर मामीमुळे आली. माझी मामेबहीण बी.एस्सी. फिजिक्सच्या शेवटच्या वर्षाला. कॅम्पसमधून एका आयटी कंपनीची ऑफर हातात. आणि बाईसाहेब म्हणतात, नको, मी एम.एस्सी. करणार, मग अ‍ॅस्ट्रॉनॉमीत पीएच.डी. मामीचा लगेच फोन, "अरे, तू हिंजवडीत आहेस, तुझं ऐकेल ती. समजाव जरा." म्हणजे आयटीचा ब्रँड अ‍ॅम्बॅसडर मी!

समजावण्याआधी माहिती काढली. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाचा भौतिकशास्त्र विभाग, आयुका आणि टीआयएफआरचं एनसीआरए हे तिन्ही एकाच आवारात आहेत. एम.एस्सी.च्या वर्गातून निघून चालत जावं इतक्या अंतरावर खगोलशास्त्राच्या दोन बड्या संस्था. आयुका १९८८ मध्ये डॉ. जयंत नारळीकरांनी उभी केली. मोठ्या दुर्बिणी, संगणक, लायब्ररी प्रत्येक विद्यापीठाला कुठून परवडणार? मग त्या एका जागी ठेवू आणि देशभरातल्या प्राध्यापकांनी इथे येऊन काम करावं, अशी ती आयडिया. नारळीकर मे २०२५ मध्ये गेले. आयडिया चालू आहे. इमारत चार्ल्स कोरियांची. चौकात न्यूटन, आइन्स्टाइन, गॅलिलिओ आणि आर्यभट यांचे पुतळे आहेत. आपल्या ऑफिसच्या लॉबीत काय असतं? कॉफी मशीन.

पण खरी विकेट पडली ती खोडदला. नारायणगावजवळच्या या गावात एनसीआरएची जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण आहे आणि २८ फेब्रुवारीच्या विज्ञान दिनाला ती सगळ्यांना बघायला खुली असते. बहिणीने मला ओढतच नेलं. ४५ मीटर व्यासाच्या तीस अँटेना! चौदा मधल्या भागात जवळजवळ, बाकीच्या सोळा इंग्रजी वाय आकारात पार २५ किलोमीटरपर्यंत पसरलेल्या. एवढी मोठी डिश भरीव पत्र्याची केली तर वजन आणि खर्च दोन्ही हाताबाहेर. म्हणून गोविंद स्वरूप आणि त्यांच्या टीमने स्टीलच्या बारीक तारांची जाळी दोरांनी ताणून बसवली. वारा आरपार जातो. जुगाड म्हणू नका हं, हे कडक इंजिनिअरिंग आहे.

आणि मंडळी, पुढचं खास आपल्यासाठी. तीस अँटेनांच्या ४३५ जोड्या होतात. प्रत्येक जोडीचा सिग्नल एकमेकांशी ताडून बघायचा, तोही चालू निरीक्षणात. सिग्नल ऑप्टिकल फायबरवरून येतात आणि हे काम जीपीयूंवर चालतं. हो, तेच जीपीयू, ज्यांच्यासाठी आपली कंपनी सध्या बजेट मागतेय. म्हणजे इथल्या स्टाफमध्ये फक्त दाढीवाले शास्त्रज्ञ नाहीत. सॉफ्टवेअर, इलेक्ट्रॉनिक्स, मेकॅनिकलवाले इंजिनिअरही आहेत. एवढंच काय, आयुकाच्या पीएच.डी. प्रवेशाला बी.ई.वालेही बसू शकतात. (माझ्याकडे असं बघू नका, माझा ईएमआय चालू आहे.)

आता हिशेब. एम.एस्सी.ची दोन वर्षं. मग प्रवेश परीक्षा, इंटरव्ह्यू आणि आयुका-एनसीआरएच्या एकत्र ग्रॅज्युएट स्कूलमध्ये कोर्सवर्क. पुढे पीएच.डी., साधारण पाच वर्षं धरा. २०२३ मध्ये वाढलेल्या सरकारी दराने फेलोशिप सुरुवातीला महिना ३७ हजार, दोन वर्षांनी ४२ हजार, घरभाडं वेगळं. त्यानंतर पोस्टडॉक, बहुतेक परदेशात, दोन-दोन वर्षांच्या करारावर. पर्मनंट जागा मोजक्या. बरोबरीची मैत्रीण फ्लॅट बुक करेल तेव्हा ही होस्टेलवर मेसचं जेवत असेल. हे सगळं मी तिला न लपवता सांगितलं. आकाश सुंदर आहे म्हणून कोणी उडी मारू नये, असं माझं मत आहे.

तिने शांतपणे ऐकलं आणि मला गुरुत्वीय लहरींची गोष्ट ऐकवली. १४ सप्टेंबर २०१५ला अमेरिकेतल्या लायगोने अशी लहर पहिल्यांदा पकडली. गोंगाटात बुडालेला असा सिग्नल ओळखायचा कसा, याचं गणित आयुकात संजीव धुरंधर आणि त्यांचे विद्यार्थी नव्वदच्या दशकापासून करत होते. लहर सापडेल याची गॅरंटी नसताना. आता आपल्या हिंगोली जिल्ह्यात लायगो-इंडिया व्हायचंय, २०२३ मध्ये त्याला केंद्राची मंजुरी मिळालीये. "दादा, ती चालवायला माणसं लागतील ना?" ती म्हणाली. मी तीन महिन्यांच्या टार्गेटवर जगणारा माणूस. काय बोलणार?

एकच अट घातली. पायथॉन आणि डेटाचं काम मन लावून शिकायचं, म्हणजे अ‍ॅस्ट्रॉनॉमीत जमलं तरी उपयोग, नाही जमलं तरी उपयोग. ती हसली. ते ती आधीपासूनच शिकत होती, माझ्याच जुन्या लॅपटॉपवर.

रात्री मामीला फोन केला. फेलोशिप, वर्षं, पोस्टडॉक, सगळं सांगितलं. खोडदच्या अँटेनांचंही सांगितलं, जरा जास्तच. पलीकडे बराच वेळ शांतता.

"तू तिला समजावणार होतास ना रे?" मामी म्हणाली.